खरेदीखतामागचं कर्ज

जुन्या खरेदीखतांवरचा तुमचा लेख वाचला, पण आपल्या पणज्यांनी अडाणीपणानं जमिनी मातीमोल विकल्या हे काही पटलं नाही. शेतसारा रोख भरायचा, पाऊस दगा द्यायचा, मग सावकाराकडं जाण्याशिवाय इलाज काय होता? व्याज मुद्दलात चढत जायचं, शेवटी कर्जापोटी जमीन द्यायची, मोडी लिपीतल्या कागदावर अंगठा उठवून. १८७५ला पुणे-नगरकडं लोकांनी सावकारांकडचे असलेच कर्जाचे कागद काढून जाळले, आणि १८७९चा शेतकरी कायदा आला तो आपल्या साताऱ्यालाही लागू होता, त्यात कोर्टाला कर्जाचा मूळापासून हिशेब बघता यायचा, कागद गावच्या रजिस्ट्रारपुढंच करायचा नियम होता. सरकारलाच खतावरच्या आकड्यावर भरवसा नव्हता, मग आपण तो आकडा खरा धरून त्यांना अडाणी का म्हणायचं?

– एक वाचक, कराड (जि. सातारा)