अण्णांचा डबा

प्रिय सुध्या,

आम्ही मजेत, आईचे गुडघे तसेच. काल अण्णांचा पत्र्याचा डबा माळ्यावरून खाली काढला आणि तुझीच आठवण आली, घरात दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

वर सगळे दुबईचे दिरहम, १९९५ च्या आधीचे मोठे, लांब चोचीची कॉफीची किटली असलेले. पंचवीस फिल्सवरचं, म्हणजे पाव दिरहमवरचं, हरीणपण आहे. तळाशी लाल एक रुपयाची नोट, नंबर झेडने सुरू होणारा, भारताने १९५९ मध्ये खास आखातासाठी काढलेली. ६६ ला आपल्याकडे अवमूल्यन झालं आणि तिकडच्यांनी एकेक करत आपला रुपया सोडला, दिरहम आला तो १९७३ ला.

भाऊ म्हणतो परदेशी चिल्लर आहे, डीलरला देऊन टाकू. तेव्हापासून झोप नाही रे.

तू भांडायचास ना की दिरहम अस्सल अरबी, कुराणात युसुफला मोजक्या दिरहमांना विकलं तेव्हापासूनचा? ते कुराणात आहेच, पण शब्द ग्रीकांच्या द्राख्मेचा, म्हणजे मूठभर, सहा लोखंडी सळया मुठीत मावतील तेवढं. तिथून इराणच्या सासानी राजांकडे, मग अरबांकडे. सुरुवातीच्या अरबी दिरहमांवर चक्क सासानी राजा खुस्रोचा चेहरा आणि कडेला बिस्मिल्ला! पुढे खलिफा अब्द अल-मलिकने चेहरा काढून नुसती अक्षरं ठेवली, आणि वजन ठरवलं, चांदीचे दहा दिरहम वजनाला सोन्याच्या सात दिनारांएवढे. दिनारही रोमच्या देनारियसचा बरं का, तेव्हा भेळ तुझ्याकडे लागू.

पण खरं पुढेच आहे. तीच द्राख्मे आपल्याकडे द्रम्म झाली, कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म आहेत, आणि त्यातूनच आपले दाम आणि दमडी. अण्णा दुबईहून प्रत्येक पत्रात लिहायचे, एक दमडी वाया घालवू नका, आणि स्वतः तिकडे दिरहम जोडत होते. शब्द एकच रे! हे भाऊला कसं पटवू? किलोवर घालायची चीज आहे का ही?

तुझं प्रमोशन कळलं, अभिनंदन. वहिनींना नमस्कार, पोरीची दहावी नीट होईल.

डीलर रविवारी येतोय. त्याआधी भाऊला फोन कर, तुझं तो ऐकतो.

तुझा,
दिन्या