‘वर सुरक्षित’ कुठे होते ते?

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या विमानहल्ल्यांवरचा लेख वाचला. जर्मन शहरांमधल्या सामान्य माणसांचे हाल त्यात लिहिलेत ते खरंच आहेत, पण बॉम्बर विमानातली पोरं ‘वर सुरक्षित बसून’ बॉम्ब टाकायची हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बहल्ले करणाऱ्या विभागात, साधारण सव्वा लाख एअरक्रू (विमानातून उडणारे सैनिक) होते, त्यातले 55 हजारांहून जास्त मेले, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस, याला सुरक्षित कसं म्हणायचं?

याच कमांडमधल्या कॅनडाच्या अँड्र्यू मिनार्स्कीचंच बघा. 12-13 जून 1944 च्या रात्री फ्रान्सवर त्याच्या लँकेस्टर बॉम्बर विमानाला आग लागली, कॅप्टनने उड्या मारा सांगितलं, हा दारापर्यंत पोचलाही होता पण मागे शेपटीतल्या टरेटमध्ये (मशीनगनच्या फिरत्या कोठडीत) त्याचा साथीदार पॅट ब्रॉफी अडकलेला दिसला तसा आगीतून रांगत परत गेला, कुऱ्हाडीने, हातांनी ते टरेट उघडायला बघत राहिला. जमेना. ब्रॉफीनेच हातवारे करून त्याला जा म्हणून सांगितलं तेव्हा जळत्या कपड्यांनिशी त्याने सॅल्यूट ठोकला आणि उडी मारली. पॅराशूटही पेटलेलं होतं. तो गेला, अवघा 27 वर्षांचा, आणि विमान कोसळताना बाहेर फेकला गेलेला ब्रॉफी मात्र वाचला, म्हणून तर ही हकीकत जगाला कळली आणि 1946 मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

बॉम्बहल्ले बरोबर की चूक यावर जरूर लिहा, पण पुढच्या लेखात या पोरांचाही आकडा छापा एवढीच विनंती.

- एक वाचक, सांगली