मास्क लावायला सांगताना कारणही सांगा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

पुढच्या साथीसाठी नियमावली लिहाल तेव्हा मास्कच्या कलमाआधी एक कलम घाला: सल्ला बदलला, तर तो का बदलला हे त्याच दिवशी सांगायचे.

२०२० च्या सुरुवातीला, कोरोनाची साथ आली तेव्हा, बऱ्याच देशांच्या आरोग्ययंत्रणा सांगत होत्या की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही. डॉक्टर-परिचारिकांनाच मास्क पुरत नव्हते, हे त्यामागचे एक मोठे कारण. ते आधी ठणकावून सांगितले असते तर लोकांनी समजून घेतले असते. पण लोकांच्या कानावर गेले ते ‘उपयोग नाही’ एवढेच. पुढे ५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने, संसर्ग पसरलेल्या भागात अंतर राखता येत नसेल तिथे, कापडी मास्क सुचवला. लोक म्हणाले, ‘यांचं काल एक, आज एक.’ या अविश्वासाचे खापर नुसते जनतेवर फोडू नका.

माध्यमांनीही कमी घोळ घातला नाही. नोव्हेंबर २०२० मधला डेन्मार्कचा अभ्यास घ्या. मास्क सुचवलेल्या गटात १.८ टक्के लोकांना लागण झाली, दुसऱ्या गटात २.१ टक्के. एवढ्या फरकावरून ठाम निष्कर्ष निघत नव्हता. तरी ‘मास्क निरुपयोगी’ म्हणून बोभाटा झाला. मास्कमुळे इतरांचे किती रक्षण होते, हे तर त्यात तपासलेच नव्हते! उलट बांगलादेशातल्या मोठ्या प्रयोगात सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी घटली. मास्क म्हणजे कवचकुंडले नव्हेत, हे यातूनही दिसते. मात्र तिथे एवढा प्रचार करूनही मास्क वापरणारे १३ वरून ४२ टक्क्यांवरच गेले होते, हा तपशील किती बातम्यांत आला?

म्हणून बातमीदारांवर गुन्हे दाखल करा, असे मी मुळीच म्हणत नाही. माहिती दडपली की अफवांचे फावते. त्यापेक्षा बाधितांच्या आकड्याशेजारी चाचण्यांचा आकडा रोज द्या, म्हणजे ‘उच्चांक’ हा शब्द जपून वापरला जाईल. बंद, गर्दीच्या खोलीत मास्कसक्ती मला मान्य आहे. मोकळ्या मैदानात एकट्याने चालणाऱ्याकडून दंड वसूल करणे हा निव्वळ वसुलीचा धंदा.

आणि पत्रकार परिषदेत बोलायची वेळ आली की मास्क हनुवटीवर ओढायची पद्धत आधी बंद करा. नुसत्या श्वासापेक्षा बोलताना तोंडातून जास्त कण उडतात. आवाज पोहोचत नसेल तर माइक जवळ घ्यावा.

आपला,
एक नागरिक