फिशटँक धुऊ नका, दिवा कमी करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी घरी आलेला फिशटँक गणपतीपर्यंत हिरवागार होतो आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जातो. घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून कोपरखैरणे-नेरुळच्या सोसायट्यांपर्यंत हे चालू आहे. आपल्या वृत्तपत्रात घरगुती छंदांना आवर्जून जागा मिळते, म्हणून या छंदातली सर्वांत महागात पडणारी चूक वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. शेवाळ दिसले की मासे बादलीत काढायचे, टाकी रिकामी करायची, खडी नळाखाली खळखळून धुवायची आणि ताजे पाणी भरायचे, ही ती चूक. दरमहा टाकी धुवायला येणारी मंडळीही बहुतेक वेळा हेच करतात. दोन दिवस काच लखलखते. पंधराव्या दिवशी शेवाळ पुन्हा येते, आणि मधल्या काळात दोन-तीन मासे दगावलेले असतात.

असे का होते? माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो. फिल्टरच्या स्पंजात आणि खडीवर राहणाऱ्या जिवाणूंपैकी एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा त्याचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. ही जिवाणूंची वसाहत नव्या टाकीत नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याखाली खडी आणि स्पंज धुतला की ती वसाहत मोडते. मासे तेवढेच, त्यांचे खाणेही तेवढेच, पण घाण पचवणारे कोणी उरले नाही. साठत जाणारा अमोनिया माशांना मारतो आणि शेवाळाला मात्र पोसतो. म्हणजे दर महिन्याला धुतली जाणारी टाकी कायमच नवी राहते, आणि नव्या टाकीत शेवाळ येणारच.

त्याऐवजी आठवड्याला अर्धा तास द्यावा. घरोघरी असते ती दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी धरू. तिची मापाने क्षमता साधारण ५६ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी सुमारे ४५ लिटर. यातले चौथा हिस्सा, म्हणजे ११-१२ लिटर, दर आठवड्याला बदलायचे. आधी फिल्टर आणि पंपाची बटणे बंद. मग काच आतून घासायची, म्हणजे निघालेले शेवाळ त्याच पाण्याबरोबर बाहेर जाईल. भांड्यांचा स्पंज वापरू नये, त्यात साबण मुरलेला असतो. त्यानंतर अर्ध्या इंचाची पारदर्शक नळी घेऊन तिच्या टोकाला पाण्याच्या छोट्या बाटलीचा कापलेला गळा बसवावा. नळी टाकीतच पूर्ण भरून घ्यावी, दुसऱ्या टोकावर अंगठा दाबून ते खाली बादलीत सोडावे. तोंडाने ओढायची गरज नाही. बाटलीचा गळा खडीत खुपसला की घाण वर येते आणि खडी आपल्या वजनाने खाली बसते. एका आठवड्यात अर्धी खडी, पुढच्या आठवड्यात उरलेली. तीन-चार आठवड्यांनी फिल्टरचा स्पंज याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, नळाखाली कधीही नाही. आणि बादलीतले पाणी मोरीत न ओतता कुंड्यांना घालावे. त्यात नायट्रेट असते, झाडे तरारतात. टाकीत मीठ किंवा औषध घातलेले असेल तेव्हा मात्र नको.

भरायच्या पाण्याबद्दल थोडे सविस्तर. ठाण्याला मुख्यतः भातसा आणि उल्हास नदीचे, तर नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी येते. ते माशांना मानवणारे आहे, अडचण फक्त क्लोरीनची. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की क्लोरीनचा वास जास्त जाणवतो. बादली २४ तास उघडी ठेवली तर क्लोरीन बराचसा उडून जातो, पण तेवढा वेळ नसेल तर सोडियम थायोसल्फेट वापरावे. जुन्या फोटो स्टुडिओंत ज्याला हायपो म्हणत, तेच हे स्फटिक. दुकानात ‘अँटिक्लोरीन’ म्हणून मिळतात. १० ग्रॅम स्फटिक १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवावी; दर १० लिटरला त्यातले १ मिलिलिटर पुरते, वास तीव्र असेल तर २. शटडाऊननंतर पहिल्या दिवशी येणारे तांबूस पाणी टाकीत घालूच नये, बदल दोन दिवस पुढे ढकलावा. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. ते एकदम जास्त घातले तर माशांना झटका बसतो, म्हणून त्या आठवड्यात ५ लिटरच बदलावे.

आता दिव्याचे. शेवाळ ही वनस्पतीच्या जातीची वस्तू. तिला उजेड आणि खत दोन्ही लागते. खत आपण खाण्याच्या रूपाने घालतोच, पण उजेड पूर्णपणे आपल्या हातात आहे. दिवाणखान्यात शोभा म्हणून सकाळी लावलेला दिवा रात्री अकराला बंद होतो, म्हणजे चौदा-पंधरा तास झाले. माशांना याची काहीच गरज नाही. टाकीत झाडे नसतील तर सहा तास भरपूर, झाडे असतील तर फार तर आठ. टायमर प्लग लावून संध्याकाळी पाच ते अकरा अशी वेळ ठरवली की घरच्यांना टाकी उजळलेली दिसते आणि कोणाला लक्षातही ठेवावे लागत नाही. दुसरा उजेड खिडकीचा. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी तीननंतर तिरके ऊन थेट काचेवर येते आणि अशी टाकी कितीही निगा राखली तरी हिरवी होते. जागा बदलणे शक्य नसेल तर मागच्या आणि खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा कार्डपेपर चिकटवावा. एवढ्या एका उपायाने अनेक टाक्या सुधारतात.

खाणे दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. घरातली तीन माणसे आपापल्या परीने चिमूट-चिमूट घालत असतील तर डबा एकाच्याच ताब्यात द्यावा. मासेही बेताने हवेत. वरच्या मापाच्या टाकीत गप्पी-मॉलीसारखे आठ-दहा लहान मासे ठीक. गोल्डफिश मात्र दोनसुद्धा जास्त होतात, कारण तो मोठा होतो आणि घाणही फार करतो.

शेवाळ सगळे एक नसते आणि उपायही एक नाही. नव्या टाकीत काचेवर तपकिरी धूळ बसते, बोटाने पुसली जाते. तिला घाबरू नये. आठवड्याला पुसत राहावे, काही आठवड्यांत ती आपोआप कमी होते. काचेवरचे टणक हिरवे ठिपके बोटाने निघत नाहीत; त्यांना ब्लेड हवे. ॲक्रिलिकच्या टाकीवर मात्र ब्लेडचे ओरखडे कायमचे राहतात, तिथे जुने प्लॅस्टिकचे कार्ड वापरावे. हिरवे धागे जुन्या टूथब्रशभोवती शेवयांसारखे गुंडाळून काढता येतात.

पाणीच पालकाच्या पाण्यासारखे हिरवे झाले असेल तर ते तरंगणारे शेवाळ आहे. तिथे रोज पाणी बदलून उपयोग होत नाही, कारण उरलेले शेवाळ दोन दिवसांत पुन्हा तेवढेच वाढते. ३०-४० टक्के पाणी बदलावे, दिवा बंद करून टाकी चारी बाजूंनी जाड चादरीने झाकावी आणि चार दिवस तशीच ठेवावी. या काळात खाणे नाही, पण हवेचा पंप चोवीस तास चालू हवा. मरणारे शेवाळ कुजताना प्राणवायू खाते. पंप बंद ठेवला तर मासे पहाटे पृष्ठभागावर तोंडे काढून धापा टाकताना दिसतात. चादर काढल्यावर पुन्हा ३०-४० टक्के पाणी बदलायचे, नाहीतर कुजलेल्या शेवाळाचा अमोनिया टाकीतच राहतो.

निळसर हिरवी, बुळबुळीत, चादरीसारखी सोलून निघणारी आणि कुबट वास येणारी साय खरे तर शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. पाणी जिथे साचून राहते त्या कोपऱ्यात ते आधी येतात. नळीने ओढून काढावे, फिल्टरचे तोंड त्या कोपऱ्याकडे वळवावे आणि वरीलप्रमाणे तीन दिवस अंधार द्यावा. ४५ लिटर पाण्याला तासाला २०० ते ३०० लिटर फिरवणारा फिल्टर हवा. हा आकडा पंपावर छापलेला असतो. यावर माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया ऐकू नये. गोळीने फिल्टरच्या जिवाणूंनाही धोका असतो आणि औषधाचे पाणी शेवटी गटारातच जाते.

सर्वांत चिवट ते काळे, दाढीच्या खुंटासारखे शेवाळ. पानांच्या कडांवर आणि फिल्टरच्या तोंडावर ते बसते, ओढून निघत नाही. बाधित पाने कापून टाकावीत. दगड-लाकडावरच्या गुच्छांसाठी औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड चालते. ते आपल्याकडे बहुधा ६ टक्के मिळते. समभाग पाणी घालून ३ टक्के करावे. दर ४ लिटरला १ मिलिलिटर, म्हणजे आपल्या टाकीला फार तर १० मिलिलिटर. फिल्टर बंद करून सुईविना सिरिंजने थेट गुच्छांवर हळूहळू सोडावे, पंधरा मिनिटांनी फिल्टर चालू करावा. दोन-तीन दिवसांत काळा रंग गुलाबी होतो, मग पांढरट, आणि मग मासे ते कुरतडतात. व्हॅलिसनेरिया आणि मॉस या झाडांना हे सोसत नाही, कोळंब्या असतील तर फारच जपून. एका दिवशी मात्रा दुप्पट करण्याचा मोह टाळावा.

काही गोष्टी टाकीत मुळीच नकोत. तुरटीने पाणी नितळते हे खरे, पण आम्लता वाढते आणि ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक ठरते. शेवाळ मरेल इतके मीठ घातले तर आधी झाडे आणि मग मासे जातात. दुकानातले निळे औषध रोगासाठी असते, शेवाळासाठी नाही. तांबे असलेल्या शेवाळनाशकाने गोगलगायी आणि कोळंब्या मरतात. शिवाय कारण तसेच राहिल्याने महिन्याभरात शेवाळ परत येते. त्यापेक्षा मनीप्लांटच्या दोन-तीन फांद्या टाकीच्या कडेला अडकवाव्यात, मुळे पाण्यात आणि पाने बाहेर. शेवाळाचे खत मुळे शोषून घेतात.

आणि आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहावेसे वाटले ते. शेवाळावर रामबाण म्हणून दुकानात ‘सकर’ मासा विकला जातो. दोन इंचांचे पिल्लू काच चाटते हे खरे. पण हा दक्षिण अमेरिकेतला मासा फुटाहून मोठा होतो, वाढल्यावर शेवाळापेक्षा दाण्यांवर जगतो आणि विष्ठेने टाकी आणखी घाण करतो. मग तो ‘मारायचा कसा’ म्हणून मासुंदा, उपवन किंवा कचराळी तलावात सोडला जातो. दया म्हणून केलेले हे काम तलावाच्या मुळावर येते. सकरला अंगावर कठीण कवच असते, प्राणवायू कमी झाला तरी हवा गिळून तो जगतो, काठात बिळे करून अंडी घालतो. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत तो येऊ लागल्याच्या बातम्या आपल्यासारख्या वृत्तपत्रांनीच दिल्या आहेत. टाकीतली झाडेही तलावात किंवा नाल्यात टाकू नयेत. जलपर्णीने उल्हास नदीचे काय केले ते आपण पाहतोच. झाडे वाळवून ओल्या कचऱ्यात द्यावीत.

काच चाटणारे कोणी हवेच असेल तर नेराइट गोगलगायी घ्याव्यात. गोड्या पाण्यात त्यांची पिल्ले जगत नाहीत, म्हणून त्या टाकी भरून टाकत नाहीत. मात्र दगडांवर तिळासारखी पांढरी अंडी चिकटवतात, ती खरवडावी लागतात. ‘गोल्डन अल्गी ईटर’ नावाने मिळणारा मासा लहानपणी गुणी असतो, मोठा झाल्यावर इतर माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटून त्यांना जखमी करतो. तो टाळावा.

ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिकांना विनंती, की तलावांच्या काठी ‘येथे निर्माल्य टाकू नये’ या फलकाशेजारी ‘फिशटँकमधील मासे व वनस्पती सोडू नयेत’ असाही फलक लावावा. मासेविक्रेत्यांनी सकर विकताना तो किती मोठा होतो ते गिऱ्हाइकाला सांगावे आणि नकोसा झाल्यास परत घ्यावा. सोसायट्यांच्या लॉबीत मोठ्या टाक्या असतात. तिथल्या सेक्रेटरींनी सफाईचे कंत्राट देताना ‘पूर्ण धुलाई’ऐवजी ‘दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदल, स्पंज टाकीच्याच पाण्यात’ असे लेखी नमूद करावे. ज्यांच्या घरी आज सकर आहे आणि टाकी लहान पडते आहे, त्यांनी तो ओलसर कापडात धरून बादलीत घालून दुकानात किंवा मोठी टाकी असलेल्या मत्स्यपालकाकडे न्यावा. जाळीने धरू नये. त्याच्या पंखांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना माणसाचा हात आणि मासा दोघेही जखमी होतात.

आपला नम्र,
एक मत्स्यपालक वाचक
ठाणे (पश्चिम)