नागपूरच्या इतवारीच्या सराफ्यातल्या सोनझारी मावशींना

मावशी, नमस्कार.

हे पत्र नातीकडून मोठ्याने वाचून घ्या, म्हणजे तुमच्यासोबत बसणाऱ्या बाया पण ऐकतील. सराफ्यातल्या चिखलातून आपण धुऊन काढलेल्या सोन्याची चमकी झाली तयार. आईने नाकात घातली सुद्धा. परवा एका लग्नात कोणीतरी तिला विचारलं, कोणत्या दुकानातली घेतली? आई म्हणाली, "इतवारीच्या नालीतली." त्या बाईला थट्टाच वाटली.

आभार आधी तुमचे, मग कारागीर काकांचे. घडणावळीचं कौतुक करायला लोक आहेतच. पण घडवायला हातात सोनं तर पाहिजे! कानशीने घासताना, पॉलिश करताना, हात धुताना, कपडे झटकताना किती बारीक सोनं उडतं, ते बोटाने दाखवून मला तुम्हीच समजावलं. दुकानातला झाडलेला केर मालक विकतो, उंबऱ्याबाहेरचा तुमचा. त्या बाहेरच्यातली एक पायरी तुम्ही मला झाडायला देऊन टाकली. "घे, लगनसराई हाय, दोघींले पुरते." ज्या जागेवर तुमचं घर चालतं, तिथली पायरी एका हौशी बाईला देणं ही साधी गोष्ट नाही. पैसे घ्या म्हटलं तर चहावर भागवलं.

आणि ती काठवट, तुमची लाकडी परात! तिच्यात पायरीचा चिखल भिजवला, मोठे खडे काढले, मग तुम्ही काठवट पाण्यात अशी काही फिरवली की काळं पाणी आपणहून काठावरून सांडत गेलं. मी जोर लावत होते. "हात नोको हालवू पोरी, मनगट हालव." सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, रेती अडीच-पावणेतीन पट, म्हणून रेती वाहते आणि सोनं बसतं, हे शाळेत शिकलेलं गणित. पण काठवट किती कलती करायची आणि नेमकं कुठे थांबायचं, हे कोणत्या शाळेत शिकवतात? शेवटी तळाशी काळ्या कीसाची, म्हणजे जड बारीक चुऱ्याची, एक कोर राहिली आणि तिच्या टोकाला पिवळी रेघ, केसाएवढी. मला ती उन्हात धरल्यावर दिसली. तुम्ही सावलीतच ओळखली होती.

पुढचं तुम्ही पाहिलं नाही, म्हणून सांगते. वाळवलेल्या कीसावरून लोहचुंबक फिरवून लोखंड काढलं. उरलेलं काकांनी टाकणखार (बोरॅक्स) घालून मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, गाळलं. मग सोनं चौथा हिस्सा राहील एवढी चांदी त्यात मिसळली. चांगलं सोनं काढायला उलट चांदी घालायची, हे मला काही केल्या पटेना. पण चांदी कमी असली तर तेजाब आतपर्यंत पोचतच नाही. पातळ पत्रा ठोकून तो शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक ॲसिडात) उकळला, मागच्या अंगणात, कारण तपकिरी धूर सुटतो आणि तो छातीत जाऊ द्यायचा नसतो. चांदी-तांबं विरघळलं, तळाशी सोनं उरलं. पण दिसायला कसं? चहाच्या भुकटीसारखं, मळकट. ते धुऊन पुन्हा मुशीत तापवलं, हजार अंशांच्या वर गेलं, आणि एका क्षणी भुकटीचा लख्ख मणी झाला. चांदी पण वाया गेली नाही, तेजाबात तांब्याची पट्टी टाकून काकांनी ती परत काढली.

मणी भरला साधारण तीन गुंजा, म्हणजे ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाहून जरासा जास्त. शुद्ध सोनं नरम, म्हणून थोडं तांबं घालून 22 कॅरेटचं केलं, म्हणजे 916. तार ओढणं, टिकली ठोकणं आणि झाळणं (डाक देऊन जोडणं) मी केलं. टिकली जराशी वाकडी आहे, राहू दे. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही, त्यामुळे तीवर कोणताच शिक्का नाही.

आता एक गोष्ट, रागावू नका. तुम्ही सोनं पाऱ्यात धरता आणि पळीत पारा जाळता, तो धूर डोळ्यांना दिसत नाही पण तेजाबाच्या धुरापेक्षा वाईट. हातापायाला कंप सुटतो, आणि तुमची नात तर बाजूलाच बसून असते. आपल्या या चमकीला पाऱ्याचा थेंब लागला नाही. नुसत्या धुण्याने कीस जेवढा दाट करता येतो तेवढा करायचा आणि सरळ टाकणखारासोबत गाळायचा. तुमच्या हाताला हे माझ्यापेक्षा सहज जमेल. गाळणावळ किती लागेल ते काकांना विचारलंय. पाच-सहा जणींचा कीस एकदम आणला तर एकीच्या वाट्याला फार येत नाही म्हणाले.

पोळा झाला की येते. टाकणखार आणि रबरी हातमोजे घेऊन येईन. मोज्यांमध्ये मनगट नीट फिरत नाही असं तुम्ही म्हणणारच, पण एकदा घालून तर पाहा.

तुमची,
पायरीवाली