विक्री रजिस्टरच्या फाइलमध्ये तारखेचा दिवस-महिना उलटा होतो, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

सांगली, १४ मे २०२५

काल संध्याकाळी तुमच्या सपोर्टला चौथा फोन झाला. त्यातूनही काही निघालं नाही, म्हणून आता लेखी देतोय.

तुमचं अडत दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर विक्री रजिस्टर सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलीत) काढून देतं आणि तारीख ०५/०४/२०२५ अशी लिहितं. सॉफ्टवेअर बसवताना तुमच्याच माणसाने विंडोजचं रीजन (देशानुसार तारीख लिहायची सेटिंग) इंग्लिश युनायटेड स्टेट्स करून ठेवलं. ते बदललं की लायसन्सची तारीख चुकीची आहे म्हणून सॉफ्टवेअर उघडतच नाही. त्या रीजनमध्ये एक्सेल पहिला आकडा महिना धरतं. ५ एप्रिलचं हळदीचं बिल ४ मेला जातं.

एप्रिलचंच घ्या. १, २ आणि ३ तारखेची बिलं ४ जानेवारी, ४ फेब्रुवारी आणि ४ मार्चची होतात. आर्थिक वर्ष काढायला =इयर(ए२)-(मंथ(ए२)<४) हा फॉर्म्युला आहे (ए२ म्हणजे बिलाच्या तारखेचा सेल). तो बरोबर आहे, पण हातात तारीखच चुकीची आल्यावर ही बिलं मागच्या वर्षात, २०२४-२५ मध्ये जाऊन बसतात. ४ एप्रिल तेवढा वाचतो, कारण दिवसही ४ आणि महिनाही ४. ५ ते १२ तारखेची बिलं मे ते डिसेंबरमध्ये पांगतात. १३ पासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल त्याला तारीख मानत नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतं, आणि मंथ फॉर्म्युला #व्हॅल्यू! देतो. ती चूक निदान डोळ्याला दिसते. पहिल्या बारा दिवसांची दिसत नाही, आणि तीच घातक आहे. ९ एप्रिलची बेदाण्याची उधारी ४ सप्टेंबरची झाली, तर टुडे()-ए२, म्हणजे आजची तारीख वजा बिलाची तारीख, यात दिवस उणे येतात आणि व्याजही उणे निघतं.

आता कालचा फोन. रजिस्टर समोर उघडं ठेवून मी सगळं सांगितलं. तुमचा माणूस म्हणाला, "सेल सिलेक्ट करा, फॉरमॅट सेल्समध्ये जा, डेट निवडा." मी म्हटलं, मजकुरावर फॉरमॅट चढत नाही, आणि उलटी झालेली तारीख फॉरमॅट बदलून सुलटी होत नाही, फॉरमॅट फक्त दिसणं बदलतो, एक्सेल प्रत्येक तारखेसाठी आत जो दिवसांचा क्रमांक ठेवतं तो आकडा तोच राहतो. ५ एप्रिल २०२५ चा आकडा ४५७५२ पाहिजे, इथे ४५७८१ आहे, हेही वाचून दाखवलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "सेल सिलेक्ट करा, फॉरमॅट सेल्समध्ये जा." मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "काका, आमच्याकडे बरोबर दिसतंय. तुम्ही जवळपास एखादा एक्सेलचा क्लास लावा." आणि फोन ठेवला. आकडा वाचून दाखवणाऱ्या ग्राहकाला हे उत्तर? तुमच्या ऑफिसात कुणी हे बोलणं ऐकतं की नाही?

तिसऱ्या फोनला दिलेला उपायही तपासून पाहिलेला नव्हता: =डेट(राइट(ए२,४),मिड(ए२,४,२),लेफ्ट(ए२,२)). १३ तारखेपासूनच्या मजकुराला तो चालतो. पण जिथे आत ४५७८१ आहे, तिथे वर्ष ५७८१, महिना ८१ आणि दिवस ४५ असं उचलून तो १५ ऑक्टोबर ५७८७ काढून देतो. एरर नाही, काही नाही. दोन्ही प्रकार एकाच कॉलममध्ये असल्यामुळे असं लिहावं लागतं:

=इफ(इझनंबर(ए२),डेट(इयर(ए२),डे(ए२),मंथ(ए२)),डेट(राइट(ए२,४),मिड(ए२,४,२),लेफ्ट(ए२,२)))

हेही पुरत नाही. सॉफ्टवेअरमध्ये नंतर दुरुस्त केलेल्या बिलांच्या तारखेमागे ते एक न दिसणारं अक्षर सोडतं. डोळ्यांना अक्षरं १० दिसतात, अक्षरं मोजणारा लेन फॉर्म्युला ११ सांगतो. जास्तीच्या स्पेस काढणाऱ्या ट्रिमने ते जात नाही, कारण ती साधी स्पेस नाही, कॅरेक्टर १६० आहे. आधी सब्स्टिट्यूट(ए२,कॅर(१६०),"") करावं लागतं. फाइल डबल क्लिक न करता डेटा टॅबमधून आणून तारखेच्या कॉलमला डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) सांगितलं तर उलटापालट टळते, पण हे प्रत्येक वेळी, प्रत्येक रजिस्टरला. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची, मुदत ११ तारखेला असते. त्या आठवड्यात हे काम ग्राहकाने का करायचं?

उपाय तुमच्या हातात आहे आणि छोटा आहे. तारीख २०२५-०४-०५ अशी, वर्ष आधी, लिहून द्या. मग कोणतंही रीजन असो, दिवस-महिन्यात गोंधळ होत नाही. मागचं अक्षर काढा. रीजनची सक्ती काढा. यातली प्रत्येक गोष्ट चारही फोनवर सांगितली आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

वर्षाचा मेंटेनन्स आगाऊ भरलेला आहे. सात दिवसांत जाणकार माणसाचा फोन आणि दुरुस्तीची तारीख लेखी मिळाली नाही, तर मेंटेनन्सची रक्कम परत मागणार आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार. यार्डातल्या शेजारच्या दुकानांना तुमचं सॉफ्टवेअर मीच सुचवलं होतं. तो शब्द मागे घ्यायची वेळ आणलीत, याचं जास्त वाईट वाटतं.

सोबत एप्रिलची मूळ फाइल जोडली आहे. पार्टीची नावं काढली आहेत, तारखांना हात लावलेला नाही.

हिशोबनीस,
हळद-बेदाणा अडत दुकान,
मार्केट यार्ड, सांगली