सूनबाईच्या एका तासाबद्दल, आईकडून

चि. दादू,

अनेक आशीर्वाद. फोनवर बोलायला घेतलं की एकतर चिऊ फोन ओढते नाहीतर तुझी मीटिंग लागते, म्हणून लिहूनच पाठवतेय. मोठं झालंय, ऑफिसात घाईघाईत वाचू नकोस, रात्री निवांत बसून वाच.

परवा तू म्हणालास, आई ही सारखी दमलेय दमलेय म्हणते, कंबर धरलीये म्हणते, तूच सांग तिला जरा व्यायाम कर म्हणून, माझं काही ऐकत नाही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला, पण दिवसभर ते काही डोक्यातून जाईना. कारण तू तिसरी-चौथीत असताना तुझ्या बाबांनी तुझ्या आजीला माझ्याबद्दल अगदी हेच सांगितलं होतं आणि आजीने मला बाजूला बसवून समजावलं होतं. मी मान डोलावली होती. पुढं काहीच झालं नाही. म्हणून मी सूनबाईला काही सांगणार नाहीये, जे सांगायचंय ते तुलाच.

बाबांचं तू बघितलंयस. पहाटे साडेपाचला उठून अजिंक्यतारा, मंगळाईचं दर्शन घेऊन खाली, पावणेसातला घरात. पाऊस असला तरी छत्री घेऊन. तीस वर्षं त्यात खंड नव्हता, आणि आज सहासष्टाव्या वर्षी माणूस गड चढताना गप्पा मारतो, शुगर नाही बीपी नाही, रात्री आडवा झाला की पाच मिनिटात झोप. मला त्याचं कौतुकच आहे, मनापासून सांगते. पण बाबा गडावर असायचे तेव्हा मी दोन डबे, तुझी आंघोळ, तुझी वेणीफणी करून मागणारी बहीण, आजीचा चहा, आणि सव्वासातच्या बसने शाळा गाठायची. संध्याकाळी वह्या तपासायच्या आणि परत भाकऱ्या. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दिवसभर पायावर उभी असते की, अजून कसला व्यायाम? आणि मला ते खरंच वाटायचं.

आता तुला एक गोष्ट सांगते जी मी तुला सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मामेबहिणीच्या सुनेची मंगळागौर होती. तुला माहितीये मला किती हौस, लग्नाआधी आमच्या आळीत बसफुगडीला माझ्यापुढं कुणी टिकायचं नाही, रात्रभर झिम्मा, पिंगा, लाट्या बाई लाट्या, पहाटे घाम पुसत दूध प्यायचं आणि तरी झोप नाही. तर पोरी म्हणाल्या मावशी या ना, मी नऊवारीचा ओचा खोचला आणि बसले. दोन उड्या मारल्या असतील नसतील. मग उठायला गेले तर उठताच येईना. एक हात फरशीवर टेकला, दुसरा गुडघ्यावर, जोर दिला तर मांडीतनं काही येतच नाही, नुसती थरथर, नि गुडघ्यात कट्ट आवाज. शेवटी दोन पोरींनी काखेत हात घालून मला उभं केलं. सगळ्या प्रेमानेच हसल्या, मीपण हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले रे. वय एकोणसाठ. कुठला मोठा आजार नाही. आणि जमिनीवरनं उठता येत नाही.

डॉक्टरांनी एक्सरे काढला, गुडघ्याची थोडी झीज आहे म्हणाले, आणि फिजिओकडं पाठवलं. तिनं मला टेबलावर पाय पसरून बसवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाली काकू गुडघ्यानं हा टॉवेल खाली दाबा आणि पाच आकडे धरून ठेवा. एवढं सोपं! मला तीनपर्यंत पण धरता येईना. मग तिनं समजावून सांगितलं, की तिशी-पस्तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतच असतात, बायकांची पाळी गेली की हाडंही भराभर विरळ होतात, आणि स्नायूला जोर लावायची वेळच आली नाही तर तो जातो. काकू तुम्ही दिवसभर उभ्या असता पण ओट्याशी उभं राहून मांडीला जोर लागत नाही, नुसती कंबर दुखते. हे वाक्य ऐकून मला एकदम सूनबाई आठवली, चिऊला एका कडेवर घेऊन एका हाताने कुकर लावणारी.

टॉवेल दाबायचा, भिंतीला पाठ लावून अर्धं खाली बसायचं, आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरनं हात न लावता उठायचं. पहिल्या आठवड्यात सलग चार वेळा उठले की पाय लटपटायचे. तीन महिन्यांनी बारा वेळा उठायला लागले. आता मी मांडी घालून पूजेला बसते आणि समईला हात न लावता उठते. वजन म्हणशील तर दीड किलो पण कमी झालं नाही. तुम्ही सगळे वजन वजन करता ना, मला जे परत मिळालं ते काट्यावर दिसत नाही. एसटीची उंच पायरी मी आता कुणाचा हात न धरता चढते. भाजीच्या दोन पिशव्या घेऊन राजवाड्यावरनं चालत येते, रिक्षा शोधत नाही. रात्री कूस बदलताना जाग येत नाही.

आणि तिथंच त्या फिजिओकडं एक शिकाऊ पोरगी प्रोजेक्टसाठी फॉर्म भरून घेत होती. जागतिक आरोग्य संघटनेचा आहे म्हणाली, सव्वीस प्रश्न, जीवनमान कसं आहे ते मोजायला, एक ते पाच यातल्या आकड्याला गोल करायचा. मला वाटलं बीपी शुगर विचारतील. तर विचारलंय काय, की रोजच्या जगण्याला पुरेशी ताकद वाटते का, झोपेबद्दल समाधानी आहात का, हिंडता फिरता येतं का, मित्रमैत्रिणींचा आधार आहे का. शरीर, मन, माणसं आणि आजूबाजूची परिस्थिती, चारही त्यात आलंय. मला ते फार आवडलं, कुणीतरी नीट विचार करून विचारलंय असं वाटलं. बाबांनी पण माझ्याबरोबर भरला. एका प्रश्नाशी मी अडकले, फुरसतीत आवडीचं काही करायची संधी तुम्हाला कितपत मिळते. बाबांनी न थांबता पाचला गोल केला. मी पेन धरून बसले आणि एकला केला. मग बाबांनी माझ्या कागदाकडं पाहिलं आणि घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा त्यांनी ठेवला, मला म्हणाले तू गडावर जाऊन ये. तेव्हापासून आम्ही आलटून पालटून जातो, रविवारी दोघं.

म्हणजे बाबा वाईट नव्हते रे. त्यांना कुणी दाखवून दिलं नव्हतं, आणि मीपण कधी मागितलं नव्हतं. तुझं तसं होऊ नये एवढंच.

मी मास्तरीण, त्यामुळं वाचल्याशिवाय राहवत नाही. २०२४ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थ नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला, त्यात २०२२ सालचा अंदाज असा की आपल्या देशातली जवळजवळ निम्मी मोठी माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुष ४२ टक्के आणि बायका ५७ टक्के. पुरेशी म्हणजे काय, तर आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल इतकी, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत, किंवा ७५ मिनिटं जोरदार. शिवाय आठवड्यातनं दोन दिवस स्नायूंना जोर देणारं काहीतरी. आता हा पंधरा टक्क्यांचा फरक कशामुळं ते मला कुणी सांगायला नको, बायका आळशी आहेत म्हणून नाही नक्की. पहाटेचा वेळ कुणाच्या नावावर आहे ते बघ फक्त.

तू सहाला जिमला जातोस, चांगलं करतोस, सोडू नकोस. नऊ-नऊ तास खुर्चीत बसणाऱ्याला ते लागतंच. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती, १९५३ मध्ये छापून आलं, कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा आणि ड्रायव्हर बसूनच, तर हृदयविकार ड्रायव्हरांना कितीतरी जास्त. एकच बस, एकच शिफ्ट. मला वाचताना तुमचंच घर दिसलं, म्हणजे एकाच घरात राहून दोघांच्या तब्येती वेगळ्या होऊ शकतात, कुणाच्या वाट्याला काय येतं त्यावर. आणि तिला ते पावलं मोजणारं घड्याळ दाखवून दहा हजार पावलं पूर्ण कर म्हणू नकोस. तो दहा हजारचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातनं आलाय, मानपो-केई म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. विकायला काढलेल्या वस्तूचं नाव ते. ती साडेतीन हजार चालली तरी शून्यापेक्षा कितीतरी बरं, तिथनं वाढेल.

तर माझं म्हणणं असं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहा ते सात तिचे. चिऊ उठली तर तू घे, दूध तू दे, डबा आदल्या रात्री दोघं मिळून ठरवा किंवा सरळ कँटीनला जेव, काही बिघडत नाही. तू त्या दिवशी संध्याकाळी जिमला जा. आणि ती कुठं जाते काय करते विचारत बसू नकोस. बाणेरच्या टेकडीवर जाईल, सोसायटीतल्या बायकांबरोबर चालेल, कॉलेजात ती खो-खो खेळायची हे तुला माहितीये का, मला लग्नाच्या वेळी तिच्या आईनं सांगितलं होतं. कदाचित पहिले पंधरा दिवस ती तो एक तास नुसती झोपेल. झोपू दे. दमलेल्या माणसाला आधी झोप लागते. आणि ती घरातून बाहेर पडली की तिला दहा वेळा फोन करून चिऊचा मोजा कुठंय, डायपर कुठंय विचारायचं नाही, शोधायचं.

कंबरेचं मात्र अंगावर काढू देऊ नकोस. बाळंतपणानंतर पोटाचे आणि कंबरेचे स्नायू सैल पडलेले असतात, व्हिडिओ बघून काहीतरी करण्यापेक्षा एकदा चांगल्या फिजिओला दाखवा, तू बरोबर जा, बाहेर बसून मोबाईल बघू नकोस, आत जा आणि काय सांगतात ते ऐक.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं पुण्याला येतोय आठ दिवस, तेव्हा चिऊ माझ्याकडं, पहाटे तुम्ही दोघं बरोबर जा. तिच्यासाठी चालायचे चांगले बूट घ्यायचेत मला, माझ्या पेन्शनमधनं, तिला आत्ता सांगू नकोस. फक्त तिच्या पायाचा नंबर कळव. तुला माहीत नसेल तर तिच्या चपलेच्या तळाशी बघ, आणि तिथं पुसला गेला असेल तर कागदावर पाऊल आखून फोटो पाठव.

तुझी,
आई